मरुभूमीतील खडकांचा क्रम : सिवाना वलय-संकुलाची ज्वालामुखीय भूरचना आणि विरल मृत्तिकांचा शोध

सारांश

पश्चिम राजस्थानातील सिवाना परिसरात विरल मृत्तिका मूलद्रव्यांचे साठे असल्याची चर्चा गेल्या काही वर्षांत वारंवार होत आहे. या चर्चेत साठ्याच्या आकड्याला जेवढे महत्त्व मिळते, तेवढे ज्या खडकांत तो साठा आहे त्यांच्या क्रमाला मिळत नाही. सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या मालाणी ज्वालामुखीय घडामोडी, त्यांतून निर्माण झालेले सिवाना येथील वलय, त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी त्याच प्रदेशात झालेले दुसरे अग्निजन्य उद्रेक आणि या सर्वांवर पसरलेली वाळू यांचा क्रमवार परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे. खनिजाची प्रत, ते वेगळे करण्याची शक्यता, त्याला लागू होणारा कायदा आणि उत्खननाचा पर्यावरणीय भार या चारही बाबी खडकांच्या क्रमावर अवलंबून असतात, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : मालाणी अग्निजन्य समूह, सिवाना, रायोलाइट, अति-अल्कधर्मी ग्रॅनाइट, विरल मृत्तिका, स्तरक्रम.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अभ्यासकाच्या मनात ज्वालामुखी म्हटले की सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांचे कडे उभे राहतात. काळा बेसॉल्ट, एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे आडवे स्तर, दोन स्तरांमध्ये कोठे लाल मातीची पट्टी, असे हे परिचित चित्र आहे. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा असून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. परंतु भारतीय उपखंडातील ज्वालामुखीय इतिहासाचे हे केवळ एक प्रकरण होय. त्याहून दहापटीहून अधिक जुने प्रकरण मारवाडच्या वाळूतून डोके वर काढणाऱ्या टेकड्यांमध्ये लिहिलेले आहे. तेथील खडक काळे नसून गुलाबी, तपकिरी आणि हिरवट-राखाडी आहेत. त्यांची रासायनिक घडण वेगळी आहे आणि त्यांत सापडणारी खनिजेही वेगळी आहेत.

या खडकांकडे आज देशाचे लक्ष वेधले जाण्याचे कारण आर्थिक आणि सामरिक आहे. विद्युत वाहनांच्या मोटारी, पवनचक्क्या आणि संरक्षण सामग्री यांत लागणाऱ्या शक्तिशाली चुंबकांसाठी निओडिमियम, प्रॅसिओडिमियम, डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही मूलद्रव्ये आवश्यक असतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम या सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्याच वर्षी जानेवारीत भारत सरकारने राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानास मंजुरी दिली होती, तर नोव्हेंबरमध्ये विरल मृत्तिका चुंबकांच्या निर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. चुंबक देशात तयार करावयाचे ठरले की त्यासाठी लागणारी मूलद्रव्ये कोणत्या खडकातून मिळणार, हा प्रश्न ओघानेच येतो. सिवानाचे नाव त्या संदर्भात घेतले जाते.

१. काही संज्ञांची स्पष्टता

विरल मृत्तिका या नावाने १७ मूलद्रव्यांचा गट ओळखला जातो. त्यात लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५ मूलद्रव्ये आणि त्यांच्याशी गुणधर्मांत साम्य असणारी स्कँडियम व यिट्रियम यांचा समावेश होतो. नावात 'विरल' असले तरी ही मूलद्रव्ये भूकवचात अगदीच दुर्मीळ नाहीत. सिरियमचे प्रमाण तर साधारणपणे तांब्याच्या जवळपास आहे. विरळ आहे ते त्यांचे एकवटणे. या गटाचे 'हलका' आणि 'जड' असे दोन उपगट मानले जातात. लँथनम, सिरियम, निओडिमियम हे हलक्या गटात, तर टर्बियम, डिस्प्रोसियम आणि यिट्रियम जड गटात धरले जातात. जड गटातील मूलद्रव्ये निसर्गात कमी आढळतात व महाग असतात.

दुसरा फरक शोधक्षेत्र, साठा आणि खाण यांतील आहे. एखाद्या ठिकाणी खनिजाचे अस्तित्व आढळले म्हणजे ते शोधक्षेत्र ठरते. वेधन करून, नमुने तपासून खडकातील खनिजाचे प्रमाण अंदाजिले की 'जागेवरचा साठा' असा आकडा मिळतो. त्यातील किती भाग परवडणाऱ्या खर्चात, कायद्याच्या चौकटीत आणि उपलब्ध तंत्राने बाहेर काढता येईल हे ठरल्यावरच त्यास खाणयोग्य राखीव साठा म्हणता येते. सिवाना तालुक्यातील भाटीखेडा परिसरात सुमारे १ लाख ११ हजार टन विरल मृत्तिका ऑक्साइड असल्याचे अणुखनिज संचालनालयाच्या अन्वेषणाच्या आधारे शासनाने जाहीर केले आहे. हा आकडा जागेवरच्या साठ्याचा आहे. तो खडकात बंदिस्त असलेल्या ऑक्साइडाचा अंदाज असून हाती आलेल्या धातूचा हिशेब नव्हे.

२. मालाणी अग्निजन्य समूह

मालाणी हे बाडमेर भागाचे जुने नाव. ब्रिटिश भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८७७ मध्ये येथील ज्वालामुखीय खडकांना हे नाव दिले. पुढे ला टूश यांनी १९०२ मध्ये पश्चिम राजपुतान्याच्या भूविज्ञानाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आज 'मालाणी अग्निजन्य समूह' या संज्ञेखाली पश्चिम राजस्थानातील सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर क्षेत्रातील लाव्हा, राखेचे खडक, ग्रॅनाइट आणि भित्तिखडक यांचा समावेश केला जातो. हरियाणातील तोशाम, पाकिस्तानातील किराणा टेकड्या आणि सिंधमधील नगरपारकर येथील खडकही याच घडामोडींशी जोडले जातात.

या समूहातील घडामोडी सामान्यतः तीन टप्प्यांत मांडल्या जातात. पहिल्या टप्प्यात थोडा बेसॉल्ट आणि त्यानंतर फार मोठ्या प्रमाणात रायोलाइट व त्याच जातीची राख बाहेर पडली. दुसऱ्या टप्प्यात पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेला शिलारस खोलवर थंड होऊन ग्रॅनाइट तयार झाले. तिसऱ्या टप्प्यात आधीच्या सर्व खडकांना भेदणारे भित्तिखडक आले. हा क्रम एका साध्या नियमावरून ठरतो : जो खडक दुसऱ्याला छेदून जातो, तो नंतरचा. ग्रॅनाइटाची शिर रायोलाइटात घुसलेली दिसली, तर ग्रॅनाइट रायोलाइटापेक्षा तरुण ठरतो.

क्रम ठरला तरी त्यावरून वय आकड्यांत सांगता येत नाही. त्यासाठी झिरकॉन या खनिजाचा उपयोग होतो. झिरकॉनच्या स्फटिकात निर्मितीच्या वेळी थोडे युरेनियम सामावते, शिसे मात्र जवळजवळ सामावत नाही. युरेनियमचे शिशात रूपांतर ठरावीक गतीने होत असल्याने आज स्फटिकात असलेल्या दोहोंच्या प्रमाणावरून त्याचे वय काढता येते. अशा मापनांतून मालाणी घडामोडींचा मुख्य काळ सुमारे ७८ ते ७५ कोटी वर्षांपूर्वीचा ठरला आहे. त्या काळात जमिनीवर वनस्पती वा प्राणी नव्हते. सेशेल्स बेटांवरील ग्रॅनाइटही जवळपास याच वयाचे आहेत. पुराचुंबकीय अभ्यासांच्या आधारे भारताचा हा भाग, सेशेल्स आणि मादागास्कर तेव्हा एकमेकांजवळ असावेत, असे मानले जाते.

या ज्वालामुखीचे मूळ कारण मात्र वादाचा विषय आहे. भूकवच ताणले जाऊन फाटत असताना, किंवा प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण स्तंभामुळे हा उद्रेक झाला, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार, आजच्या अँडीज पर्वताप्रमाणे महासागरी कवच भूखंडाखाली सरकत असताना हे ज्वालामुखी निर्माण झाले. हा वाद केवळ सैद्धांतिक नाही. ताणल्या गेलेल्या भूकवचात सिवानासारखी वलये अधिक अपेक्षित असतात. त्यामुळे पुढील शोध कोठे घ्यावयाचा, हे काही अंशी या वादाच्या निकालावर अवलंबून राहते.

३. जोधपूरचा कडा : स्तर वाचण्याचा पाठ

मालाणी खडकांचा क्रम प्रत्यक्ष पाहण्यासाठी जोधपूर ही सर्वांत सोयीची जागा आहे. मेहरानगड किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, तिच्या कड्यातील खडक लाव्हा वाहून तयार झालेला नाही. तो ज्वालामुखीच्या तप्त राखेचा खडक आहे. बाहेर फेकली गेलेली राख इतकी उष्ण होती की खाली बसल्यावर तिचे कण स्वतःच्या भाराने दबून एकमेकांना चिकटले आणि त्यांचा अखंड कठीण खडक बनला. यास 'वेल्डेड टफ' म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने येथील खडकास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. थंड होताना आकसल्यामुळे या खडकात काही ठिकाणी उभे बहुकोनी स्तंभ तयार झालेले दिसतात. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवरील स्तंभांची त्यामुळे आठवण होते. फरक एवढाच की गिल्बर्ट टेकडीचे स्तंभ बेसॉल्टाचे आहेत आणि जोधपूरचे राखेच्या खडकाचे.

हा फरक का पडतो, याचे उत्तर सिलिकेच्या प्रमाणात आहे. बेसॉल्टात सिलिका सुमारे ५० टक्के असते, रायोलाइटात ७० टक्क्यांहून अधिक. सिलिका वाढली की शिलारस घट्ट होतो. पातळ बेसॉल्टी रसातून वायू सहज निसटतात आणि लाव्हा दूरवर वाहतो. घट्ट रायोलाइटी रसात वायू कोंडले जातात आणि अखेर स्फोट होतो. सह्याद्रीचे आडवे स्तर आणि मारवाडचे राखेचे कडे हे एकाच प्रक्रियेचे दोन चेहरे आहेत, असे म्हणता येईल.

जोधपुरातच या राखेच्या खडकावर लालसर वालुकाश्म विसावलेला दिसतो. हा वालुकाश्म मारवाड महासमूहातील असून तो ज्वालामुखी शांत झाल्यानंतर दीर्घ काळाने, पाण्याखाली साचलेल्या वाळूपासून तयार झाला. दोन्ही खडकांमधील सीमारेषा सलग इतिहास दर्शवीत नाही. दोहोंच्या दरम्यान कोट्यवधी वर्षे गेली आणि त्या काळात मालाणीचे डोंगर झिजत राहिले. पोकरणजवळ या सीमेवर मोठमोठ्या दगडगोट्यांचा एक स्तर आहे व त्यांतील अनेक गोटे मालाणी रायोलाइट आणि ग्रॅनाइट यांचेच आहेत. झीज किती झाली याचा हा थेट पुरावा आहे. खनिजशोधाच्या दृष्टीनेही ही बाब महत्त्वाची ठरते. कारण जमिनीखाली खोलवर थिजलेला ग्रॅनाइट आज टेकड्यांच्या रूपाने उघडा पडला आहे, तो या झिजेमुळेच.

४. सिवानाचे वलय

जोधपूरच्या दक्षिण-नैर्ऋत्येस, लुणी नदीच्या पलीकडे सिवानाच्या टेकड्या आहेत. २०२३ पासून हा भाग बालोतरा जिल्ह्यात मोडतो. त्यापूर्वी तो बाडमेर जिल्ह्यात होता. नकाशावर येथील खडकांची मांडणी साधारण लंबवर्तुळाकार दिसते. या वलयाचा व्यास सुमारे २५ ते ३० किलोमीटर आहे. कडेने ग्रॅनाइटाच्या टेकड्यांची माळ आणि आतील भागात प्रामुख्याने रायोलाइट व राखेचे खडक अशी ही रचना आहे.

अशा वलयाचे स्पष्टीकरण महाकुंडाच्या, म्हणजे कॅल्डेराच्या निर्मितीतून दिले जाते. भूपृष्ठाखालील कोठीतून मोठ्या प्रमाणात शिलारस बाहेर पडला की कोठीचे छत आधाराविना राहते आणि वर्तुळाकार भेगेवरून खाली खचते. खचलेल्या छतासोबत पृष्ठभागावरील लाव्हा व राख यांचे स्तरही खाली जातात व त्यामुळे पुढील झिजेपासून काही अंशी वाचतात. कोठीत उरलेला रस वर्तुळाकार भेगेतून वर सरकतो आणि पृष्ठभागाजवळ थिजून ग्रॅनाइटाचे कडे बनतो. सर्वांत शेवटी उरलेला थोडासा रस बारीक फटींतून घुसतो. सूक्ष्मकणी ग्रॅनाइट, ॲप्लाइट व फेल्साइट यांच्या भित्ती आणि शिरा त्यापासून तयार होतात.

सिवाना येथील क्रम या चौकटीत बसतो : तळाशी अल्प बेसॉल्ट, त्यावर ट्रॅकाइट व रायोलाइट यांचे लाव्हास्तर आणि राख, त्यांना भेदणारा ग्रॅनाइट आणि या सर्वांना छेदणाऱ्या शेवटच्या भित्ती. विरल मृत्तिकांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध खडक म्हणून याच शेवटच्या भित्ती व शिरांकडे पाहिले जाते. आकारमानाने त्या अगदी लहान आहेत. म्हणजे संकुलातील बहुतांश खडक साठ्याच्या हिशेबात येतच नाहीत. संपूर्ण टेकडी म्हणजे खनिज, हा समज येथे लागू पडत नाही.

५. समृद्धी शेवटच्या थेंबात का?

याचे उत्तर शिलारसाच्या रसायनात आहे. सामान्य ग्रॅनाइटात सोडियम आणि पोटॅशियम ही अल्क मूलद्रव्ये ॲल्युमिनियमच्या सोबतीने फेल्स्पारमध्ये बांधली जातात. सिवानाच्या ग्रॅनाइटात या अल्कांचे रेणवीय प्रमाण ॲल्युमिनियमपेक्षा अधिक आहे. उरलेले सोडियम लोहाशी संयोग पावून एजिरीन, आर्फव्हेडसोनाइट, रीबेकाइट यांसारखी गडद हिरवी-निळसर खनिजे निर्माण करते. अशा खडकास अति-अल्कधर्मी म्हणतात. जवळच्याच जालोर येथील गुलाबी ग्रॅनाइट, जो इमारतींसाठी सर्वत्र वापरला जातो, याच मालाणी समूहातील असला तरी सामान्यतः या जातीचा नाही.

अति-अल्कधर्मी रसाचा एक विशेष असा की त्यात झिर्कोनियमसारखी मूलद्रव्ये मोठ्या प्रमाणात विरघळून राहतात. सामान्य ग्रॅनाइटी रसात झिरकॉनचे स्फटिक लवकर तयार होतात व काही जड विरल मृत्तिका आपल्यासोबत घेऊन खाली बसतात. अति-अल्कधर्मी रसात हे लवकर घडत नाही. विरल मृत्तिकांच्या आयनांचा आकार व विद्युतभार असा असतो की क्वार्ट्झ किंवा फेल्स्पारच्या जाळीत त्यांना जागा मिळत नाही. त्यामुळे रसाचा जसजसा स्फटिक होत जातो, तसतशी ही मूलद्रव्ये उरलेल्या द्रवात एकवटत जातात. मीठ घातलेले पाणी गोठविले असता बर्फ जवळजवळ गोडा राहतो आणि उरलेले पाणी अधिकाधिक खारट होते, त्यासारखीच ही क्रिया आहे. रसात फ्लोरिन असल्यास तो कमी तापमानापर्यंत द्रवरूप राहतो आणि एकवटण्यास आणखी अवधी मिळतो.

येथवर झाली ती शिलारसाची कामगिरी. त्यानंतर खडक थिजताना बाहेर पडलेल्या उष्ण, फ्लोरिनयुक्त पाण्याने आधीची खनिजे विरघळवून नवी खनिजे तयार केल्याच्या खुणा जगातील अनेक अति-अल्कधर्मी संकुलांत आढळतात. हा दुसरा टप्पा निर्णायक ठरतो. जगातील विरल मृत्तिकांचे बहुतांश उत्पादन बास्टनेसाइट, मोनाझाइट आणि झेनोटाइम ही खनिजे व दक्षिण चीन आणि म्यानमारमधील आयन धरून ठेवणारी चिकणमाती यांपासून होते. विरल मृत्तिका सिलिकेटांत अडकल्या असतील तर त्या वेगळ्या करणे कठीण व खर्चिक असते. दोन खडकांत विरल मृत्तिकांचे प्रमाण समान असूनही एक खाणयोग्य आणि दुसरा निरुपयोगी ठरू शकतो. प्रयोगशाळेतील रासायनिक पृथक्करणातून प्रमाण कळते. कोणते खनिज आधी बनले आणि कोणत्या खनिजाने त्याची जागा घेतली, हे सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचा पातळ छेद वाचल्यावाचून कळत नाही.

सिवानाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. भारतातील विरल मृत्तिकांचा मोठा साठा किनाऱ्यावरील व अंतर्भागातील वाळूतल्या मोनाझाइटात असून त्यातील ऑक्साइडांचा अंदाज सुमारे ७२ लाख टन इतका आहे. परंतु या मोनाझाइटात प्रामुख्याने हलक्या गटातील मूलद्रव्ये असतात. अति-अल्कधर्मी ग्रॅनाइटात जड गटाचा वाटा तुलनेने अधिक असतो. टनांची तुलना केली तर सिवाना अगदी लहान दिसते. डिस्प्रोसियम व यिट्रियमच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र ही तुलना वेगळी होते.

६. त्याच मरुभूमीतील दुसरी कथा

वृत्तपत्रीय चर्चेत 'बाडमेरमधील विरल मृत्तिका' असा सरसकट उल्लेख होतो. वस्तुतः या प्रदेशात वयाने, रसायनाने आणि खनिजांनी भिन्न असे दोन प्रकार आहेत. सिवानाच्या पश्चिमेस सरनू-दंडाली हे अल्कधर्मी खडकांचे संकुल असून त्यातील कामथाई येथे कार्बोनेटाइटात विरल मृत्तिका आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्बोनेटाइट हा निम्म्याहून अधिक कार्बोनेट खनिजे असलेला, तरीही अग्निजन्य असा विलक्षण खडक आहे. त्यात मुख्यतः लँथनम, सिरियम यांसारखी हलकी मूलद्रव्ये एकवटतात.

हे संकुल क्रेटेशस कल्पातील आहे. सरनू-दंडाली आणि सिरोही जिल्ह्यातील मुंडवारा येथील खडकांचे सुमारे ६ कोटी ८५ लाख वर्षे हे वय १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दख्खनच्या महाउद्रेकाची ही नांदी मानली गेली. २०१७ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील भूवैज्ञानिकांच्या सहभागाने झालेल्या आर्गॉन-पद्धतीच्या वयमापनातून हे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. सरनू-दंडाली येथे सुमारे ८ कोटी ९० लाख ते ८ कोटी ६० लाख आणि सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, अशा निरनिराळ्या काळी शिलारस वर आल्याचे दिसून आले. पहिला काळ भारत व मादागास्कर यांच्या विभक्त होण्याचा, दुसरा दख्खन लाव्ह्याचा. म्हणजे सह्याद्री घडविणाऱ्या घडामोडींचा एक धागा मारवाडपर्यंत पोहोचतो. परंतु तो सिवानाशी नव्हे, सरनू-दंडालीशी जोडलेला आहे. सिवाना आणि सरनू-दंडाली यांच्या दरम्यान ६५ कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

हा भेद ध्यानात न घेता दोन्ही ठिकाणचे आकडे एकत्र केल्यास धोरणात्मक चूक संभवते. एका ठिकाणचा साठा मुख्यतः हलक्या मूलद्रव्यांचा, दुसऱ्या ठिकाणी जड मूलद्रव्यांचा वाटा मोठा. एका ठिकाणी कार्बोनेट खडक, दुसऱ्या ठिकाणी कठीण सिलिकेट खडक. दोहोंसाठी दळण, पृथक्करण आणि विद्रावणाच्या पद्धती वेगळ्या लागतील.

७. वाळूचे आवरण आणि शोधपद्धती

मरुभूमी भूवैज्ञानिकाला एका बाजूने साहाय्य करते व दुसऱ्या बाजूने अडविते. टेकड्यांवर वनस्पती आणि माती अत्यल्प असल्याने खडक उघडे मिळतात. दोन टेकड्यांमधील सपाट भाग मात्र वाऱ्याने आणलेली वाळू आणि नद्यांचा गाळ यांखाली झाकलेला असतो. वलयाचा सलग आकार म्हणून दिसतो तो बराचसा अनुमानावर आधारलेला असतो.

हे अनुमान पडताळण्यासाठी भूभौतिक पद्धती वापरल्या जातात. विरल मृत्तिकांच्या खनिजांसोबत बहुधा थोरियम व युरेनियम आढळते. त्यामुळे गॅमा किरणांचे मापन करून समृद्ध पट्टे ओळखता येतात. परंतु जेमतेम अर्धा मीटर वाळूही बहुतेक गॅमा किरण अडविते. म्हणून किरणोत्सर्ग न आढळणे म्हणजे खनिज नसणे, असा निष्कर्ष काढता येत नाही. झाकलेल्या भागासाठी चुंबकीय व गुरुत्वीय सर्वेक्षण आणि अखेरीस वेधन यांचा आधार घ्यावा लागतो. अरुंद भित्ती खाली किती खोल जातात व कोठे निमुळत्या होतात, हे वेधनाच्या नळीतून निघालेल्या खडकाच्या गाभ्यानेच सिद्ध होते.

८. आकड्यापासून खाणीपर्यंत

थोरियमची ही सोबत शोधाला उपकारक असली तरी उत्खननाच्या वेळी तीच अडचण ठरते. खाणी व खनिजे अधिनियमात २०२३ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार महत्त्वपूर्ण खनिजांची स्वतंत्र सूची करण्यात आली. त्या सूचीत युरेनियम व थोरियम नसलेली विरल मृत्तिका खनिजे समाविष्ट आहेत. ही मूलद्रव्ये असलेली खनिजे अणुखनिजांच्या सूचीत राहतात व त्यांना अधिक कडक नियम लागू होतात. कोणत्या शिरेतील कोणत्या खनिजात थोरियम आहे, या वरकरणी केवळ खनिजशास्त्रीय प्रश्नावर उत्खननाचा अधिकार कोणाला, हे अवलंबून राहते.

दुसरा प्रश्न उरलेल्या खडकाचा आहे. उदाहरणादाखल, एखाद्या खडकात विरल मृत्तिका ऑक्साइड १ टक्का धरले आणि ते सर्वच्या सर्व मिळविता आले, तरी १ टन ऑक्साइडामागे ९९ टन खडकचुरा शिल्लक राहील. प्रत्यक्षात सर्व ऑक्साइड मिळत नसल्याने चुऱ्याचे प्रमाण त्याहून अधिक असेल. त्यात थोरियमचा अंश राहणार, तो वाऱ्याच्या प्रदेशात उघड्यावर ठेवता येणार नाही आणि प्रक्रियेसाठी पाणीही लागणार. जेथे वर्षाकाठी सरासरी ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे पाण्याचा प्रत्येक नवा वाटेकरी शेती आणि पशुपालन यांच्याशी स्पर्धा करतो. लुणी नदीच्या खोऱ्यातील बालोतरा परिसर कापड रंगविण्याच्या उद्योगातील सांडपाण्याचा अनुभव आधीच घेत आहे.

भूस्तर पाण्याचे काय करतात, याचे उदाहरण याच प्रदेशात सापडते. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर भागात अतिवृष्टी होऊन कवास व आसपासची गावे पाण्याखाली गेली. पाऊस थांबल्यावरही तेथील पाणी दीर्घ काळ ओसरले नाही. कारण वाळूच्या खालील जिप्समयुक्त अपार्य स्तराने ते जमिनीत मुरू दिले नाही. वाळवंटात पाणी लगेच मुरते, हा सर्वसामान्य समज तेथील स्तरांनी खोटा ठरविला. खडकचुऱ्याचे तलाव कोठे असावेत, त्यांतून झिरपणारे पाणी कोणत्या दिशेने जाईल, याचा निर्णय घेताना वरच्या वाळूकडे पाहून भागत नाही. सिवानाच्या भेगाळलेल्या रायोलाइटात आणि ग्रॅनाइटात पाणी फटींतूनच फिरते. त्या फटींचा नकाशा साठ्याच्या नकाशाइतकाच आवश्यक आहे. या टेकड्यांच्या पायथ्याशी गावांची चराऊ कुरणे आहेत. देवाच्या नावाने राखलेली ओरणे ही तर मारवाडच्या पशुपालनाचा पुरातन आधार होत. त्यांची नोंद खडकांच्या नकाशात नसते, म्हणून ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

समारोप

सिवाना येथील शोधक्षेत्राचे मूल्यमापन करताना चार निष्कर्ष मांडता येतात. पहिला, येथील विरल मृत्तिका दीर्घ ज्वालामुखीय क्रमाच्या अखेरच्या टप्प्यात एकवटल्या असल्याने त्या लहान आकारमानाच्या शिरांत आहेत. संपूर्ण वलय हा साठा नव्हे. दुसरा, जड मूलद्रव्यांमुळे या साठ्याचे महत्त्व त्याच्या टनांपेक्षा अधिक असू शकते, तथापि ते कोणत्या खनिजात अडकले आहेत हे समजल्याशिवाय त्यास किंमत देता येत नाही. तिसरा, याच मरुभूमीतील क्रेटेशस काळातील कार्बोनेटाइट ही निराळी बाब असून तिचा हिशेब निराळाच ठेवला पाहिजे. चौथा, थोरियम व पाणी यांचा विचार खाण सुरू झाल्यानंतर करावयाचा नसून वेधनाच्या टप्प्यापासूनच करावयाचा आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने सिवाना हे एक उपयुक्त उदाहरण ठरते. स्फटिकांतील आयनांच्या जागेचा प्रश्न रसायनशास्त्राचा, वयमापन भौतिकशास्त्राचे, जागेवरचा साठा आणि राखीव साठा यांतील फरक अर्थशास्त्राचा, खनिजांच्या सूचीचा प्रश्न विधिशास्त्राचा आणि ओरणांचा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. हे सर्व प्रश्न एकाच टेकडीवर एकत्र येतात आणि त्यांची उत्तरे देताना प्रत्येक शाखेला आधी एकच गोष्ट जाणून घ्यावी लागते : कोणता खडक आधीचा आणि कोणता नंतरचा.